बंद गाडीतली ओल आणि हिराबायचा बोंबील

मुरुडमध्ये माझ्या धंद्याला धड नाव नाही. काही लोक मला 'गाड्या झोपवणारे पाटील' म्हणतात. आमच्या सौ.चं म्हणणं असं, की हा माणूस चार महिने दुसऱ्यांच्या गाद्या हुंगत फिरतो. दोन्हींत सौ.चं वर्णन जास्त बरोबर आहे, पण ते पाटीवर लिहिता येत नाही.

काम असं आहे. हल्ली मुंबई-पुण्याकडची हौशी माणसं चाकांवरचं घर घेतात. कॅरॅव्हॅन म्हणतात तिला. बाहेरून टेम्पोएवढी गाडी, आत दोन पलंग, छोटा ओटा, फ्रिज, कपाटं आणि आपण नीट वळलो तर अंघोळ होईल एवढी मोरी. ऑक्टोबरपासून मेपर्यंत ही मंडळी किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडतात. जून लागला की त्यांना आठवतं, की सोसायटीत आपल्याला एकच पार्किंग आहे आणि तिथे आधीच एक गाडी उभी आहे. मग फोन येतो. आगरदांड्याच्या रस्त्याला एक बंद पडलेली भाताची गिरणी मी भाड्याने घेतली आहे. जोतं उंच, छप्पर शाबूत. तिथे चार गाड्या मी पावसाळाभर ठेवतो, आणि दसऱ्याच्या आत मालकाला परत देतो, कोरड्या.

यातला 'कोरड्या' हा शब्द सोपा वाटतो ना? सगळ्यांना वाटतो. निवृत्त होईपर्यंत मी बसच्या बॉड्या बांधायच्या कारखान्यात फिटर होतो. पत्रा, प्लाय, रबर, स्क्रू यांत तीस-पस्तीस वर्षं गेली, त्यामुळे मलाही सोपा वाटला होता. पाणी छपरातून येतं, भोक शोधा, बुजवा, झालं, अशी माझी समजूत होती. छपरातून येणारं पाणी हा प्रामाणिक शत्रू आहे, तो टपटप आवाज करून येतो. आमच्याकडे जुलैत हवेतून जे पाणी येतं ते चोर. ते गार पत्र्यावर बसतं, प्लायमध्ये शिरतं, गादीच्या पोटात जाऊन झोपतं. महिन्याने कपाट उघडावं तर मालकाच्या चामडी बुटांना हिरवी लव फुटलेली असते.

म्हणून गाडी आली की मी आधी तिला रिकामी करतो. पाण्याची टाकी उपसून रिकामी करायची, नळ उघडे ठेवायचे. सगळी कपाटं आणि खण उघडे. गाद्या आडव्या ठेवायच्या नाहीत, पत्त्यांच्या बंगल्यासारख्या एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या. फ्रिजच्या दारात नारळाच्या शेंडीचा बोळा, म्हणजे दार लागत नाही. खिडक्यांचं रबर बोटाने चाचपायचं. छतावरची झडप दोन बोटं उघडी आणि तिला जाळी. आणि ताडपत्री अंगाला चिकटवून बांधायची नाही, म्हणजे नाहीच.

हे शेवटचं मी एका गिऱ्हाइकाकडून शिकलो. पहिल्याच वर्षी पनवेलकडचे एक तरुण बिल्डर गाडी घेऊन आले. गाडी निळ्या ताडपत्रीत अशी आवळलेली, की आत कोणत्या कंपनीची आहे तेही कळेना.

"काका, टेन्शनच नाय," ते म्हणाले. "एकदम एअरटाइट पॅक केलीय. हवापण घुसणार नाय. तुम्ही फक्त हात लावू नका."

गिऱ्हाईक म्हणजे देव, आणि देवाने हात लावू नका म्हटल्यावर मी नमस्कार करून बाजूला झालो. सप्टेंबरात त्यांनी स्वतःच गाठी सोडल्या. दार उघडलं आणि आतून जी हवा आली तिने आम्ही दोघंही दोन पावलं मागे सरलो. मेमध्ये कोंडलेली ओली हवा, एक ओला टॉवेल, समुद्राच्या वाळूने भरलेल्या चपला, सगळं चार महिने आत मुरलं होतं. गादीच्या कडेला पांढऱ्या छत्र्या उगवल्या होत्या.

"काका, ये क्या है?"

"अळंबी," मी म्हणालो. "पण ही खाऊ नका."

त्या दिवसापासून मी स्वतःला या विषयातला पंडित समजू लागलो. आता माझ्या पांडित्याचं काय झालं ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, डोंबिवलीहून दोन बहिणी आल्या. थोरल्या शैलाताई सत्तरीच्या, शिस्तीच्या, पूर्ण शाकाहारी. धाकट्या सुमनताई पासष्टीच्या, हसऱ्या. गाडी सुमनताई चालवत आणि थोरल्या शेजारी बसून ब्रेक दाबत. दोघींनी निवृत्तीनंतर ही गाडी घेतली होती आणि तिच्यातून अर्धा देश पालथा घातला होता. एवढं फिरलेलं माणूस मी आमच्या सगळ्या कारखान्यात पाहिलं नव्हतं.

शैलाताई गाडीचे टायर तपासायला वाकल्या, तेव्हा सुमनताईंनी मला गिरणीच्या खांबाआड बोलावलं.

"पाटील, ताईला दमा आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "गेल्या वर्षी गाडी दुसरीकडे ठेवली होती. दसऱ्याला दार उघडून ती आत गेली आणि बुरशीने असा श्वास अडकला, की आठ दिवस दवाखान्यात काढले. आता म्हणते, यंदा पुन्हा तसं झालं तर गाडी विकायची. विकली तर ती घरात बसेल. आणि ही बाई घरात बसली तर फार दिवस बसणार नाही हो."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला खरोखर वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी बढाया मारतो, हा माझा जुना रोग आहे.

"ताई," मी छातीवर हात मारून म्हणालो, "मी पेणच्या मिठागरवाल्या आगऱ्याचा मुलगा. ओल कशी ओढून काढायची हे आम्हाला पाळण्यात शिकवतात."

असं काही शिकवत नाहीत. पण बोलून गेलो आणि मग मला स्वतःलाच ते पटलं. लहानपणापासून पाहिलेलं डोळ्यांपुढे आलं. आई कैरीला मीठ लावायची, कैरीचं पाणी सुटायचं. मासळीला मीठ लावायची, मासळीचं पाणी सुटायचं. म्हणजे मीठ पाणी ओढतं! मग गाडीतल्या हवेचं का नाही ओढणार? बाजारात ओल शोषणाऱ्या पुड्या मिळतात, त्या विकत घेणारे लोक मला एकदम अडाणी वाटू लागले. चुलतभावाला फोन केला, आणि नव्या मिठाच्या सहा गोण्या पेणहून टेम्पोने आल्या. तीन या पलंगाखाली, तीन त्या पलंगाखाली. मीठ काम करणार म्हणून मी छतावरची झडपही लावून घेतली, कारण बाहेरची ओल उगाच आत कशाला येऊ द्यायची? त्या बिल्डरची आठवण मला झाली नाही. इतर तीन गाड्या मी दर आठ दिवसांनी उघडून पाहत होतो. ही उघडली नाही. मिठावर माझा तेवढा विश्वास होता.

मध्ये सुमनताईंचा फोन यायचा. "कशी आहे आमची गाडी?"

"मजेत आहे," मी सांगायचो.

जुलैच्या मध्यावर एक दिवस गाडीच्या दाराखाली जोत्यावर ओला डाग दिसला. छप्पर गळतंय म्हणून वर पाहिलं, तर छप्पर कोरडं. दार उघडलं. गोण्या रडत होत्या, दुसरा शब्द नाही. पलंगाखालून खारं पाणी जमिनीभर पसरलं होतं. जमिनीचा प्लाय पापडासारखा फुगला होता, बिजागऱ्यांना तांबूस गंज, आणि कपाटाच्या कोपऱ्यात काळे ठिपके. मी त्या ठिपक्यांवर बोट फिरवलं आणि शैलाताईंचा श्वास अडकल्याचा आवाज मला ऐकू आला. मी कधी तो आवाज ऐकला नव्हता, तरीही आला. खोटं कशाला सांगू?

माझे वडील दरवर्षी पावसाळ्याआधी मिठाच्या राशी पेंढ्याने शाकारायचे. कशासाठी शाकारायचे? मीठ पावसाळी हवेत पाझरतं म्हणूनच ना! नवं मीठ तर जास्तच. घरातल्या मिठाच्या बरणीला पावसाळ्यात पाणी सुटतं हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ही चूक शहरातल्या माणसाने केली नसती, त्याला मिठाची एवढी घमेंड नसते.

आता धाव कुणाकडे घ्यायची? सौ.ला सांगणं शक्य नव्हतं, कारण पुढची दहा वर्षं तेच ऐकावं लागलं असतं. मी हिराबायकडे गेलो. हिराबाय आमच्या शेजारची, कोळीवाड्यातली. उन्हाळ्यात बोंबील, जवळा, सुकट सुकवते आणि पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की तेच विकून घर चालवते. मुरुडच्या पावसात महिनोन् महिने सुकी मासळी सुकी ठेवणारी बाई. तीन घरं टाकून असा गुरू राहत होता आणि मी पेणहून मीठ आणत होतो.

ती आली. गाडीच्या दारात उभी राहिली, नाकाने दोनदा हवा ओढली आणि कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळली.

"भावजी, ह्ये कोनी सांगितलं तुमाला?"

"कुणी नाही. मीठ पाणी ओढतं ना, म्हणून…"

"वढतं की. पन पोटात ठेवतं व्हय? पितं आन् वकतं." मग ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला खांबाला धरावं लागलं. "आगऱ्याच्या पोराला मिठानं बुडवलंन! आता धुवा समदं. गोड्या पान्यानं."

"आणखी पाणी ओतू?"

"खारं फळीत ऱ्हायलं तर ती कवाच सुकायची न्हाय. रोज नवी ओल वढील. पैले खार काढा, मंग सुकवायचं मी बगते."

म्हणजे ओल घालवण्यासाठी मी भर जुलैत, बाहेर पाऊस कोसळत असताना, गाडीत बादल्या ओतत होतो. तीनदा धुतली. काळे ठिपके सोडा आणि व्हिनेगरने घासून काढले. फुगलेला प्लाय उचकटून टाकला, तळा गावच्या एका जुन्या सुताराकडून मुरलेल्या लाकडाची फळी आणून बसवली. फिटर होतो, तेवढं माझं मला जमलं.

सुकवणं मात्र हिराबायचं. मी पंखा आणि दिवा लावला, तर वीज गेली. ती परत यायची वाट पाहायची आमच्याकडे पद्धत नाही. हिराबायने चुलीवर विटा तापवायला लावल्या. तापलेल्या विटा घमेल्यात घालून गाडीत ठेवायच्या, गार झाल्या की बदलायच्या. निखारे आत न्यायचे नाहीत, धूर नको. आणि दारं-खिडक्या कधी उघडायच्या याचा तिचा एकच नियम होता. पाऊस थांबला म्हणून लगेच उघडायचं नाही. उघडीप झाली की गिरणीबाहेरच्या ओट्याच्या दगडाकडे बघायचं. दगड सुकला, मग उघडायचं. दगड पुन्हा दमट लागला, की लगेच बंद. आयुष्यभर मी गाड्यांत राहिलो, पण बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली असेल तर खिडकी उघडण्यात नुकसान आहे, ही साधी गोष्ट मला त्या दगडाने शिकवली.

"पण सुकली हे कळणार कसं?" मी विचारलं. हाताला सगळंच गार लागत होतं.

तिने टोपलीतून एक सुका बोंबील काढला. बिनमिठाचा, कडक. कपाटातल्या दांडीला सुतळीने टांगला.

"उद्या काढून बगा. वाकला तर ओल हाय. मोडला तर सुकं."

"हिराबाय, गिऱ्हाईक शाकाहारी आहे!"

"मंग भेंडी टांगा," ती म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बोंबील रबरासारखा वाकला. आठ दिवसांनी निम्मा वाकला. गणपती आले तरी मी रोज एक बोंबील टांगत आणि वाकवत होतो. सौ. विचारायची, घरात आमटी शिजते आणि तुम्ही बोंबील घेऊन कुठे जाता? सुमनताईंचे फोन चालूच होते. मी गाडीचा बाहेरून धुतलेला फोटो पाठवला. चकचकीत. त्यावर त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. ते चित्र पाहून मला जेवण गेलं नाही. खरं सांगून टाकावं असं दहादा वाटलं, आणि दहाही वेळा मी म्हणालो, आधी सुकू दे. त्याची मला आजही लाज वाटते.

माझा बेत असा होता. बहिणी गणपतीनंतरच्या सोमवारी येणार होत्या. आगरदांड्याच्या जेटीवरून बोटीवर गाडी चढवून दिघीला उतरायचं आणि तिथून खाली दक्षिणेला, असं त्यांनी ठरवलं होतं. त्याआधी दोन दिवस मी बोंबील काढणार, लिंबाची सालं ठेवणार, वास घालवणार. पण त्या आदल्या शुक्रवारी सकाळीच आल्या. शैलाताईंना घरी बसवेना, असं सुमनताई म्हणाल्या. हिराबाय तेव्हा विटा न्यायला आलेली होती. बोंबील दांडीवर होता आणि मी तो अजून तपासलाही नव्हता.

शैलाताईंनी दारातच हात वर करून सगळ्यांना थांबवलं. एका हातात पंप, दमेकरी तोंडात मारतात तो. त्यांनी सावकाश श्वास घेतला.

"वास येतोय," त्या म्हणाल्या.

सुमनताईंचा चेहरा पांढरा पडला. "बुरशीचा?"

"मासळीचा."

सुमनताई आत गेल्या, कपाट उघडलं आणि किंचाळल्या. मी काही बोलायच्या आत हिराबाय पुढे झाली. तिने शैलाताईंना बोंबिलाचं सगळं शास्त्र सांगितलं, वाकला तर ओल, मोडला तर सुकं, आणि वर म्हणाली, "मोडून बगा, ताई."

"मी मासळीला हात लावत नाही," शैलाताई म्हणाल्या. "आणि ही फळी नवी का आहे?"

मास्तरीणबाईंसारखी नजर असते काही माणसांची. मी हिराबायकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं. मग मी सगळं सांगितलं. मीठ, सहा गोण्या, लावलेली झडप, काळे ठिपके, चकचकीत फोटो. सुमनताई माझ्याकडे ज्या तऱ्हेने पाहत होत्या ते सोसणं कठीण होतं. ज्यांनी डोळ्यांत पाणी आणून माझ्या हवाली बहिणीचा श्वास केला होता, त्यांना मी दोन महिने 'मजेत आहे' म्हणत होतो.

"म्हणजे आत बुरशी होती," शैलाताई म्हणाल्या.

"होती. घासून काढली. आता नसावी."

"नसावी," त्यांनी तो शब्द माझ्याकडे परत फेकला. "सुमन, तू बाहेर ये. झडप लावा, खिडक्या लावा, दार लावा. मी आत बसते. अर्धा तास. गेल्या वर्षी पाच मिनिटांत कळलं होतं."

"ताई, नको," सुमनताई म्हणाल्या. "आपण विकू गाडी. घरी जाऊ."

"विकायची असेल तर ती मी विकीन. लावा दार."

मी दार लावलं. तसं दार मी आयुष्यात लावलेलं नाही. आम्ही तिघं जोत्यावर उभे राहिलो. सुमनताई घड्याळाकडे पाहत होत्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पत्र्याला कान लावावा असं मला वाटत होतं, पण हिंमत होत नव्हती. मनात मी कबूल केलं होतं की आतून एक खोकला जरी आला तरी ही गिरणी सोडून द्यायची, पुन्हा कुणाची गाडी ठेवायची नाही. हिराबायने सुमनताईंचा हात धरून ठेवला होता. वीस मिनिटं झाली. आत काहीतरी हललं, कपाटाचं दार करकरलं. सुमनताई दाराकडे धावल्या, तशी हिराबायने त्यांना मागे ओढलं.

मग आतून आवाज आला. खोकल्याचा नव्हता. सुकी काडी मोडावी तसा, कट्.

"मोडला," हिराबाय म्हणाली.

सुमनताई मटकन जोत्यावर बसल्या आणि रडायला लागल्या. पाठोपाठ बंद गाडीतून शैलाताईंचा आवाज आला. एका दमात, खणखणीत, गिरणीभर घुमेल असा:

"सुमन, रडत काय बसलीस? साबण आण!"